केसची पीडीएफ उघडू नकोस

चि.,

‘पीबीएलच्या दोन तासांत आम्ही काहीच शिकलो नाही, मॅडम,’ असं तू लिहिलंस. पीबीएल म्हणजे प्रॉब्लेम-बेस्ड लर्निंग: आधी रुग्णाची केस, मग तिच्यातून विषय. आणि खाली, जरा चाचरत, की सीनियर्सकडून केस उत्तरांसकट ग्रुपवर आली होती, बाकी नऊ जणांनी ती वाचली होती, तू वाचली नव्हतीस, म्हणून तूच बावळट ठरलीस. पुढच्या गुरुवारी वाचून जाऊ का, हा तुझा खरा प्रश्न.

नको. आधी अंदाज, मग पुस्तक.

तुमची केस बघू. पंचेचाळिशीचा मजूर, दोन दिवस पोटात अन्न नाही, नुसती दारू, बेशुद्ध, रक्तातली साखर 32, म्हणजे धोक्याइतकी कमी. तू म्हणालीस, ‘यकृतातलं ग्लायकोजेन संपलं,’ म्हणजे तिथला साखरेचा साठा. बाकीचे हसले. पीडीएफवाल्यानं ‘एनएडीएच वाढतं’ असं ठणकावलं, ट्यूटरनी मान डोलावली आणि विषय संपला. अगं, तिथून तर तो सुरू व्हायचा!

तुझं अर्धं बरोबर होतं. आता त्याच अर्ध्याला धक्का दे. पर्युषणात आठ दिवस नुसत्या उकळलेल्या पाण्यावर अठ्ठाई करणारी माणसं असतात. त्यांचंही ग्लायकोजेन एक-दीड दिवसात संपतं. मग ती अशी कोसळत का नाहीत? कारण यकृत लॅक्टेट, ग्लिसरॉल, अलानिन यांतून नवी साखर करत राहतं. मग या मजुराचं का करत नाही? इथे पोचलीस की दारूकडे बघ. अल्कोहोलचं अॅसिटाल्डिहाइड होतं, त्याचं अॅसिटेट. दोन्ही पायऱ्यांवर एनएडी (पेशीतला इलेक्ट्रॉन वाहणारा रेणू) खर्ची पडतं आणि त्याचंच भरलेलं रूप, एनएडीएच, साचतं. ते साचलं की पायरुव्हेट लॅक्टेटकडे ढकललं जातं, ऑक्झॅलोअॅसिटेट मॅलेटकडे. साखरेचा कच्चा मालच उलटा फिरतो. कोठार रिकामं आणि चूलही विझलेली.

त्या ठणकावणाऱ्याला विचार, भरपेट जेवून पिणाऱ्याची साखर सहसा अशी का उतरत नाही? तो अडेल. तू अडणार नाहीस, कारण ग्लायकोजेन तुझ्या अंदाजात होतं.

मला बायोकेमला डिस्टिंक्शन होतं. ग्लुकोनिओजेनेसिसच्या, म्हणजे यकृताच्या त्या नव्या साखरनिर्मितीच्या, चारही खास एन्झाइमची नावं झोपेतून उठवून विचारली तरी सांगायचे. इंटर्नशिपमध्ये एका रात्री कॅज्युअल्टीत असाच माणूस आला. तोंडाला वास. मी केसपेपरवर ‘दारूच्या नशेत’ लिहिलं आणि पुढच्या पेशंटकडे वळले. त्याची बायको बाकावर बसून होती. ‘झोपलाय ना?’ असं दोनदा विचारलं तिनं. दोनदा मी ‘हो’ म्हटलं. अडीच तासांनी रात्रपाळीच्या सिस्टरनी बोट टोचून साखर पाहिली आणि मला न विचारता 25 टक्के डेक्स्ट्रोजचं, म्हणजे साखरेचं, इंजेक्शन दिलं. त्यानं डोळे उघडले, पण बायकोला ओळखायला त्याला तीन दिवस लागले. चार एन्झाइम माझ्या डोक्यात होते, फक्त त्यांना कधी कुणी प्रश्न विचारलेला नव्हता. मीही नाही.

म्हणून पुढे शिकवायला लागल्यावर मी नोट्स देणं बंद केलं. त्या वर्षी चार मुलं नापास होऊन सप्लीला, म्हणजे पुरवणी परीक्षेला, बसली. ‘मॅडमच्या हट्टापायी पोरं गेली’ असं स्टाफरूममध्ये बोललं गेलं. गेली असतील. रासायनिक चक्रं कागदावर काढायचा सराव मी त्यांच्याकडून करून घ्यायला हवा होता, इतकं मान्य. पण नोट्स द्यायला हव्या होत्या हे आजही मान्य नाही, आणि हे लिहिताना माझा आवाज चढतोय हेही मला कळतंय.

हे खूळ माझं एकटीचं नाही. कॅनडात मॅकमास्टर विद्यापीठाच्या मेडिकल कॉलेजात 1969 पासून मुलं अशीच शिकतात. आणि ज्या क्रेब्ज सायकलच्या, म्हणजे पेशी अन्नातून ऊर्जा काढतात त्या चक्राच्या, तक्त्याकडे बघून तुला घाम फुटतो, तो तक्ता 1937 साली हान्स क्रेब्जच्या भिंतीवर टांगलेला नव्हता. त्याच्यापुढे होते कबुतराच्या छातीचे स्नायू आणि ‘सायट्रेट घातलं की ऑक्सिजन इतका जास्त का खपतो?’ हा प्रश्न. शोधनिबंध ‘नेचर’नं परत पाठवला होता, ते वेगळं.

युनिव्हर्सिटीच्या पेपरात चक्र काढावं लागतं, ठाऊक आहे मला. काढ की! रोज रात्री कोऱ्या कागदावर काढ. पण अंदाज चुकल्यानंतर. आधी नाही.

आणि या केसमध्ये एक गोष्ट राहिलीच. अशा माणसाला ग्लुकोजबरोबर थायमिनही (बी1 जीवनसत्त्व) देतात. का? पुस्तक उघडू नकोस. पायरुव्हेटला अॅसिटिल-कोए व्हायला काय लागतं, एवढाच धागा देते. अंदाज लिही आणि त्या पानाचा फोटो पाठव, खाडाखोडीसकट.

तुझी,
मॅडम