स्कंकला कोपरा तुम्ही देऊ नका, त्यालाच निवडू द्या

स्कंक म्हणजे मांजराएवढा, काळा-पांढरा, घाबरला की दुर्गंधी फवारणारा अमेरिकी प्राणी. त्याचं पिल्लू आणण्याआधी तुमच्या राज्याचा कायदा बघा. अमेरिकेत फ्लोरिडासारख्या काही राज्यांत परवाना काढून स्कंक पाळता येतो, कॅलिफोर्नियात घरात पाळायला बंदी आहे. स्कंकसाठी मान्यताप्राप्त रेबीजची लस तिथे नाही. त्यामुळे तो कुणाला चावला, तर तपासणीसाठी त्याला मारलं जाऊ शकतं. पाहुण्यांची मुलं आली की त्याला वेगळ्या खोलीत ठेवलेलं बरं.

आता शी-शूचं. मांजर वाळू शोधतं, स्कंक कोपरा शोधतो. पहिले काही आठवडे त्याला एकाच छोट्या खोलीत ठेवा आणि शेपूट वर करून तो कुठे मागे सरकतो ते बघा. शी-शूचा ट्रे तिथेच ठेवायचा, तुमच्या सोयीच्या जागी नाही! पुढची कड तीनेक इंचांची हवी, कारण पाय आखूड असतात. मागची बाजू मात्र उंच, नाहीतर सगळं भिंतीवर. आत कागदाच्या गोळ्या घाला. ओली झाली की गोळे बनणारी मांजराची वाळू नको. उकरता उकरता ती पोटात गेली तर आतडं तुंबू शकतं.

त्याने दुसरा कोपरा धरला, तर तिथेही ट्रे ठेवा. दोन-तीन ट्रे लागतातच. चुकलेली जागा एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा. वास उरला की तो परत तिथेच जाणार. ओरडू नका. घाबरला की तो पाय आपटतो आणि मग कपाटामागे जाऊन उरकतो. एकदा कपाटामागची सवय लागली की मोडताना नाकी नऊ येतात.