एका फोल्डरापलीकडे काही देऊ नका

तुमचा प्रश्न असा की, लिनक्सवर नोंदी ठेवायचं एक क्लोज्ड-सोर्स (ज्याचा कोड बाहेरच्यांना बघता येत नाही असं) सॉफ्टवेअर सबंध होम फोल्डरची, म्हणजे तुमच्या सगळ्या खासगी फाइलींच्या फोल्डरची, परवानगी मागतंय आणि कंपनी म्हणते 'डेटा एन्क्रिप्टेड आहे'. मग द्यावी का?

मी देणार नाही. कंपनी लबाड आहे असं मुळीच म्हणत नाही. पण एन्क्रिप्टेड डेटा उघडणारी किल्ली कुणाकडे आहे ते आधी बघा. पासवर्ड विसरल्यावर नुसत्या ईमेलवरून रीसेट करून सगळ्या नोंदी परत दिसत असतील, तर किल्ली त्यांच्याकडेही आहे. जून २०११ मध्ये ड्रॉपबॉक्सच्या एका चुकलेल्या अपडेटमुळे जवळपास चार तास कुठलाही पासवर्ड टाकून कुणाच्याही खात्यात शिरता येत होतं. त्यात कुणाची नियत खोटी नव्हती.

दुसरं उदाहरण जास्त बोलकं. २०१७ मध्ये कॅस्परस्कीने स्वतःच सांगितलं की २०१४ साली त्यांच्या अँटिव्हायरसने एका ग्राहकाच्या संगणकावरून एक आर्काइव्ह संशयास्पद म्हणून सर्व्हरवर पाठवली आणि तीत 'इक्वेशन' नावाच्या हॅकर गटाच्या मालवेअरचा सोर्स कोड निघाला. संशयास्पद फाइली पाठवणं हे तर त्याचं नेमून दिलेलं काम! काय संशयास्पद, हे मात्र ग्राहक ठरवत नव्हता.

मी एकदा फोटो लावायच्या एका सॉफ्टवेअरवर strace (सॉफ्टवेअर कुठल्या फाइली उघडतं ते दाखवणारं साधन) लावून बसलो. एकही फोटो उघडण्याआधी ते ब्राउझरच्या प्रोफाइल फोल्डरात डोकावून आलं. बहुधा निरुपद्रवी असेल, पण आपलं लॉगिन टिकवणाऱ्या कुकीज तिथेच असतात.

तुमचं सॉफ्टवेअर फ्लॅटपॅक (लिनक्सवर सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवायची पद्धत) म्हणून बसवलेलं असेल तर फ्लॅटसील या परवानग्या बदलायच्या अ‍ॅपमध्ये 'ऑल सिस्टम फाइल्स' आणि 'ऑल यूजर फाइल्स' दोन्ही बंद करा, खाली नोंदींचा तेवढा फोल्डर जोडा. फ्लॅटपॅक नसेल तर वेगळं यूजर खातं काढून त्यात चालवा. त्याआधी आपल्या होम फोल्डरची परवानगी ७०० (फक्त मालकाला प्रवेश) करा, कारण उबुंटूत २१.०४ च्या आधी ती ७५५ असायची, म्हणजे शेजारच्या खात्यालाही आत डोकावता यायचं.

क्रिप्टोमेटर (फाइली एन्क्रिप्ट करून 'व्हॉल्ट' नावाच्या कुलूपबंद फोल्डरात ठेवणारं सॉफ्टवेअर) इथे बऱ्याच जणांनी सुचवलंय. क्लाउडवर ठेवायच्या फाइलींसाठी ते उत्तमच. पण व्हॉल्ट उघडला की त्याच खात्यात मोकळं चालणारं कुठलंही सॉफ्टवेअर तो वाचू शकतं, त्यामुळे तुमची अडचण त्याने सुटत नाही.

परवानगी काढल्यावर ते चालेनासं झालं तर नेमका एरर इथे टाका. माझं ते फोटोवालं रुसून बसलं होतं, मी काढून टाकलं.