मुलांना कॉन्सर्टला नेताना, आजी-आजोबांना डोंगरात नेताना
(वाचक विचारतात : सहकुटुंब सहल)

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची, मुलगा सहा वर्षांचा. मुलीच्या हट्टापायी नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवरच्या पॉप कॉन्सर्टला जायचं म्हणतोय. तिकिटं उभ्याची घ्यावीत की बसायची? धाकट्याला न्यावं का? आणि रात्रीच नाशिकला परतता येईल का?
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात, त्यामुळे कार्यक्रम बहुतेक दहाच्या सुमारास संपतो. मग हजारो माणसं एकदमच बाहेर पडतात. गेटमधून निघून गाडीपर्यंत पोचायला आणि गाडी रस्त्याला लागायलाच तास-सव्वातास जातो. पुढे ठाणे-भिवंडीची वाहतूक आणि घरापर्यंत पावणेदोनशे-एकशेऐंशी किलोमीटर. समृद्धी महामार्ग आता भिवंडीजवळच्या आमणेपासून थेट इगतपुरीकडे नेतो, त्यामुळे कसारा घाट टळतो हे खरं. पण सरळ, एकसुरी रस्त्यावर रात्री एक-दोनच्या सुमारास डुलकी लागण्याचा धोका घाटापेक्षा जास्त. दिवसभर उन्हात आणि गर्दीत उभं राहिलेल्या माणसाने त्या वेळी स्टिअरिंग धरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. नेरूळ, वाशी किंवा बेलापूरला मुक्काम करा. तिकीटविक्री सुरू झाली की त्याच दिवशी या भागातल्या खोल्यांचे दर चढतात. म्हणून विक्रीच्या आदल्या दिवशीच, रद्द केली तर पैसे परत मिळतील अशी खोली धरून ठेवा. तिकीट नाही मिळालं तर सोडून द्या.

गाडी न नेणंही चांगलं. नाशिकरोडहून कल्याण किंवा ठाण्यापर्यंत रेल्वेने जा. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची पनवेल लोकल थेट स्टेडियमजवळच्या नेरूळला थांबते. वाशीची लोकल पकडली तर मात्र नेरूळ लागत नाही, फलाटावर गाडीचा फलक पाहूनच चढा. कार्यक्रमानंतर तिघा-चौघांनी हॉटेलपर्यंत चालत जाता येईल इतकं अंतर असेल तर उत्तमच. त्या वेळी रिक्षा-टॅक्सी मिळणं कठीण, आणि मिळाली तरी भाडं अव्वाच्या सव्वा.

तिकिटं बसायचीच घ्या. उभ्याच्या भागात सहा वर्षांच्या मुलाला पुढच्याच्या पाठीपलीकडे काही दिसत नाही. त्याला खांद्यावर घेतलं की मागचे ओरडतात, शिवाय गर्दी पुढे सरकते तेव्हा लहान मूल चेंगरायला वेळ लागत नाही. अनेक आयोजक त्या भागासाठी वयाची अट घालतात. ती तिकिटाच्या पानावर खाली बारीक अक्षरात असते, पैसे भरण्याआधी वाचा. बसायची जागा निवडताना मंचाच्या अगदी बाजूचे स्टँड टाळा. तिथून गायक जवळ दिसतो, पण स्पीकरची उभी रांगही तिथेच टांगलेली असते. मंचाच्या समोरचा किंवा तिरका स्टँड बरा. रांगेच्या टोकाच्या खुर्च्या घ्या, कारण धाकट्याला दोनदा तरी शौचालयात न्यावं लागणारच. मुख्य कलाकाराआधी जो गातो त्याच्या वेळेतच हे उरकावं, नंतर रांगा लांबतात.

धाकट्याला न्यावं की नाही, हे त्याच्या कानांवर ठरवा. कामाच्या जागी ८५ डेसिबलचा आवाज आठ तासांपर्यंत चालतो असं धरतात आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे ९४ डेसिबलला एक तास, १०० डेसिबलला जेमतेम पाव तास. मोठ्या कॉन्सर्टमध्ये आवाज शंभरच्या आसपास सहज जातो आणि कार्यक्रम दोन तास चालतो. तेव्हा सहा वर्षांच्या मुलासाठी कानावर घट्ट बसणारे इअरमफ हवेतच. गाणी ऐकायचे हेडफोन त्यांच्या जागी चालत नाहीत, त्यांची रोधक्षमता प्रमाणित नसते. खोक्यावर ‘एनआरआर’ किंवा ‘एसएनआर’ हा आवाज किती अडतो ते सांगणारा आकडा बघा, तो पंचवीसच्या आसपास असावा. घरी आठवडाभर आधीपासून मिक्सर चालू असताना वगैरे घालायची सवय करा. नाहीतर ऐन गर्दीत मुलगा ते उपटून काढतो आणि मग आईबाप दोन तास ते त्याच्या डोक्यावर धरून बसतात.

तुम्हा तिघांना फोमचे प्लग पुरतील, पण बरीच माणसं ते नीट घालत नाहीत. प्लग बोटांमध्ये वळून काडीसारखा बारीक करायचा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, प्लग आत सरकवायचा आणि बोटाने अर्धा मिनिट तसाच दाबून धरायचा. तो आत फुगतो. बाहेरून अर्धाअधिक दिसत असेल तर तो नुसता अडकला आहे, आवाज अडवत नाही. कार्यक्रमानंतर कानात शीळ घुमत राहिली तर समजा की कानांना जास्त झालं. ती दुसऱ्या दिवशीही गेली नाही तर कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा.

बाकी थोडक्यात. इतक्या गर्दीत मोबाइलचं नेटवर्क कोलमडतं. व्हॉट्सॲप जात नाही, तिथे साधा एसएमएस कधीकधी जातो. तिकिटाचा क्यूआर कोड काही ॲपमध्ये दर काही सेकंदांनी बदलतो, मग स्क्रीनशॉट चालत नाही. ॲपमध्ये लॉगिन खोलीवरच करून ठेवा. चुकामूक झाली तर भेटायचं ठिकाण आत गेल्यावर लगेच ठरवा आणि मुलांना तिथे नेऊन दाखवा. ‘ज्या गेटने आलो तिथे’ असं ठरवू नका, सुटताना काही गेट बंद करून लोकांना दुसरीकडून काढतात. धाकट्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला दोघांचे नंबर बॉलपेनने लिहा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. बाहेरचं खाणं आत सोडत नाहीत, पाचच्या सुमाराला पोटभर जेवून निघा.

प्रश्न : डिसेंबरच्या शेवटी भंडारदऱ्याला लाकडी कॉटेज घेऊन दोन रात्री राहायचं आहे. आम्ही सात जण, सासू-सासरे सत्तरीचे. स्वयंपाक स्वतःच करायचा विचार आहे. थंडीसाठी शेगडी नेली तर चालेल ना?
— एक वाचिका, नाशिकरोड

उत्तर : शेगडी अंगणात पेटवा, खोलीत मुळीच नको. कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. आधी डोकं जड होतं, मग झोप येते आणि माणूस उठत नाही. निखारे विझल्यासारखे दिसले तरी वायू येतच असतो, म्हणून ‘झोपण्यापूर्वी जरा वेळ आत ठेवू’ हेसुद्धा नको. बाथरूममध्ये गॅसगिझर असेल तर हाच धोका तिथेही. गिझर बाथरूमच्या आत बसवलेला आहे की बाहेर, हे बुकिंगआधी विचारा. आत असेल तर दुसरं कॉटेज पाहा.

लाकडी कॉटेज दिसायला ऊबदार, पण फळ्यांच्या पातळ भिंती आणि पत्र्याचं छप्पर सूर्य मावळल्यावर तासा-दोन तासांत गार पडतात. भंडारदऱ्याला डिसेंबरात पहाटे पारा दहा अंशांखाली उतरतो. त्यातही थंड हवा जड, ती उतारावरून घरंगळत पाण्याकाठी साचते. त्यामुळे तलावाला लागून असलेल्या कॉटेजपेक्षा थोडं चढावर असलेलं कॉटेज रात्री कमी गार असतं. फोटोत पाण्याकाठचं जास्त सुंदर दिसतं खरं, पण सासू-सासऱ्यांसाठी वरचं घ्या. अंगावर दोन पांघरुणं घेण्यापेक्षा एक गोधडी अंगाखाली घातली तर जास्त ऊब राहते, कारण गादी पातळ असली की गारठा खालून चढतो. घरून चार गोधड्या, कानटोप्या आणि गरम पाण्याच्या दोन रबरी पिशव्या न्या. विजेचा हीटर नेणार असाल तर लक्षात ठेवा, वीज गेल्यावर तिथला इन्व्हर्टर दिवे आणि पंखे ओढतो, हीटर किंवा गिझर नाही.

बुकिंगआधी मालकाला फोन करून हे विचारा : गाडी थांबते तिथून दारापर्यंत पायऱ्या किती आणि त्यांना कठडा आहे का? संडास कमोडचा आहे का? शेवटचा किलोमीटर डांबरी आहे की मुरमाचा? रात्री राखणदार तिथेच झोपतो का? मग व्हिडिओ कॉलवर बाथरूम आणि ओटा दाखवायला सांगा. वेबसाइटवरच्या फोटोंत पायऱ्या कधी दिसत नाहीत, आणि सत्तरीच्या गुडघ्यांना सगळ्यात आधी त्याच लागतात.

स्वयंपाकाचं म्हणाल, तर सगळी जेवणं स्वतः करू नका. सुट्टी घरातल्या बायकांची पण असते. भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावात आणि आसपासच्या वाड्यांत घरगुती जेवण सांगितल्यावर मिळतं. पिठलं-भाकरी, गावठी कोंबडी, ठेचा. रात्रीच्या जेवणाचं दुपारीच सांगा, कारण सामान आणून मग चूल पेटते. तुम्ही सकाळचे दोन नाश्ते आणि एक जेवण धरा. सात जणांना एका वेळी ६०० ग्रॅम पोहे लागतात. खिचडीला ३ वाट्या तांदूळ, दीड वाटी मूगडाळ आणि साडेतेरा ते सोळा वाट्या पाणी. इतकी खिचडी ५ लिटरच्या कुकरात एका वेळी लावू नका. डाळ-तांदूळ फेसाळतात, म्हणून कुकर निम्म्याच्या वर भरायचा नसतो. जास्त भरला तर शिट्टीच्या भोकात फेस अडकतो आणि वाफ कोंडते. दोनदा लावा किंवा घरून मोठा कुकर न्या. कॉटेजवरचा कुकर धरून चालू नका, त्याची रिंग बहुधा सैल झालेली असते. प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी दिवसाला ३ लिटर धरलं, तर दोन दिवसांचे ४२ लिटर होतात. म्हणजे वीसचे दोन जार आणि वर दोन बाटल्या.

नाशिकहून घोटीमार्गे सत्तरेक किलोमीटर, आरामात दोन तास. पेट्रोल आणि औषधं घोटीतच घ्या. पुढे नेटवर्क मधेमधे जातं, नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवा. तिथे मुलांना कळसूबाईचे वेध लागतील. १६४६ मीटरचं हे शिखर राज्यात सर्वांत उंच, बारी गावातून वाट चढते आणि वर लोखंडी शिड्या आहेत. घरातल्या दोघांनी मुलांना घेऊन पहाटे निघावं. थोरल्यांना तोवर रतनवाडीच्या अमृतेश्वराला न्यावं. गाडी देवळाजवळ जाते आणि त्या दगडी कोरीव कामापुढे दोन तास कसे गेले ते कळत नाही. रंधा धबधब्याला डिसेंबरात पाणी धरणातून सोडलं असेल तेवढंच असतं. पावसाळ्यातले फोटो पाहून जाऊ नका.

प्रश्न : सापुताऱ्याला जाताना नाशिकच्या वाइनची एखादी बाटली गाडीत असली तर चालते का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : नाही. वणीच्या रस्त्याने सापुतारा जवळ, म्हणून तो आपलाच वाटतो, पण तो गुजरातच्या डांग जिल्ह्यात आहे आणि गुजरातेत दारूबंदी आहे. सीमेवर गाड्यांची डिकी तपासतात. अर्धी उरलेली बाटलीसुद्धा गुन्ह्यात धरली जाते. निघण्यापूर्वी डिकी स्वतः बघा, आधीच्या सहलीतलं काहीतरी कोपऱ्यात राहिलेलं असतं.

प्रश्न : काजवे पाहायला मुलांना कधी न्यावं? गेल्या वर्षी गेलो, पण गाड्यांच्या दिव्यांखेरीज काही दिसलं नाही.
— एक वाचक, सातपूर

उत्तर : मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, वळवाच्या एक-दोन सरी झाल्यावर आणि मोठा पाऊस लागण्याआधी. भंडारदरा परिसरात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ या झाडांवर ते जास्त दिसतात. तुमची चूक वार निवडण्यात झाली असावी. शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. नर काजवे मादीला खुणावण्यासाठी लुकलुकतात आणि गाडीचा झोत पडला की त्या भागातलं झाड विझल्यासारखं होतं. मंगळवार-बुधवार निवडा, तोही अमावास्येच्या आगेमागे. वनविभागाच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरा, गाडी सांगितलेल्या जागी लावा आणि दिवे बंद करून पंधरा मिनिटं नुसते उभे राहा. डोळे अंधाराला सरावल्याशिवाय निम्मे काजवे दिसतच नाहीत. टॉर्चला लाल जिलेटीन कागद गुंडाळा आणि तो जमिनीकडेच धरा. मोबाइलने फोटो येत नाही, मुलांना आधीच सांगून मोबाइल गाडीत ठेवा. काजवा हातात धरायचा नाही, बाटलीत तर नाहीच. पायांत बूट आणि पूर्ण पँट हवी, पहिल्या पावसाला सापही बाहेर पडतात. साप चावल्यास १०८ ला फोन करा. चावलेली जागा कापू नका, चोखू नका, वर आवळून बांधूही नका. तो हात किंवा पाय न हलवता दवाखाना गाठा.

प्रश्न : आठ वर्षांच्या मुलाला सप्तशृंगीच्या घाटात दर वेळी उलटी होते. काय करावं?
— एक वाचिका, पंचवटी

उत्तर : आतला कान सांगतो की गाडी वळतेय आणि डोळे मोबाइलवर असले तर सांगतात की सगळं स्थिर आहे. या ओढाताणीत पोट ढवळतं. घाटात मोबाइल आणि पुस्तक बंद. मागच्या सीटवर मधोमध, पट्टा बांधून बसवा आणि उशी देऊन इतकं उंच करा की समोरच्या काचेतून रस्ता दिसेल. उपाशीपोटी नेणं ही नेहमीची चूक आहे. निघण्याच्या तासभर आधी खाकरा, टोस्ट किंवा कोरडी पोळी द्या. दूध, वडा, मिसळ नको. गाडीतला सुगंधी डबा काढून टाका.

गाडी चालवणाऱ्याचाही यात मोठा हात असतो. वळणात शिरल्यावर ब्रेक दाबला की मागच्या सीटला झोका जास्त बसतो. वेग वळणाआधी कमी करा आणि ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, म्हणजे ब्रेकही तापत नाहीत. उलटीची गोळी बालरोगतज्ज्ञांना विचारूनच द्या. ती घाट लागण्याच्या तासभर आधी पोटात गेली तर लागू पडते. मळमळ सुरू झाल्यावर दिलेली गोळी उलटीतून बाहेर येते. ॲव्होमिनसारख्या गोळ्यांनी गुंगी येते, म्हणून गडावर पोचल्यावर मुलाचा हात सोडू नका. दोन वर्षांखालच्या बाळाला त्या देतच नाहीत. उलटी झालीच तर गाडी मोकळ्या वळणावर थांबवून मुलाला पाच मिनिटं उभं करा. लगेच पाण्याचा ग्लास देऊ नका, पंधरा-वीस मिनिटं नुसते घोट घोट द्या.