डिस्कचे बोल्ट हलत नाहीत? आधी तापवा!

प्रश्न : माझ्या बाईकची पुढची ब्रेक डिस्क वाकलीये, नवीन आणून ठेवलीये पण जुनीचे बोल्टच निघत नाहीत. रात्रभर डब्ल्यूडी फोर्टी (गंज सोडवायचा स्प्रे) मारून ठेवलं, काही फरक नाही, एका बोल्टमध्ये तर एलन की (षटकोनी किल्ली) स्लिप व्हायला लागलीये. गॅरेजवाला म्हणतो ड्रिल मारून काढू. दुसरा काही उपाय?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : ड्रिल एवढ्यात नको, प्लीज. हबचे (चाकाच्या मधल्या भागाचे) आटे अ‍ॅल्युमिनियमचे असतात, ड्रिल जरा तिरकं गेलं की हबच कामातून जातो. तुमचे बोल्ट बहुतेक गंजलेले नाहीतच, त्यांना कंपनीतूनच थ्रेडलॉकर, म्हणजे बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावायचा गोंद, लावलेलं असतं, लॉकटाइट म्हणतो ना आपण, तेच. हा गोंद हवा नसलेल्या जागी, धातूला चिकटून कडक होतो आणि आट्यांमधल्या फटी भरून टाकतो, मग स्प्रे आत शिरणार कुठून आणि शिरला तरी वाळलेला गोंद त्याने विरघळत नाही.

ह्यावर खरा उपाय उष्णता. निळा म्हणजे मध्यम ताकदीचा असेल तर साध्या पान्यानेही सुटतो, पण लाल म्हणजे जास्त ताकदीचा असेल तर बोल्ट साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा लागतो आणि गरम असतानाच फिरवावा लागतो! बरेच जण तापवतात आणि हात भाजेल म्हणून थंड होऊ देतात, तोवर गोंद परत कडक. हातमोजे घाला पण थांबू नका.

चाक काढून आडवं ठेवा. टायर, बेअरिंगचं ऑइल सील, एबीएसचा (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा) सेन्सर ह्यांना आच लागू देऊ नका, म्हणून गॅसची उघडी ज्योत नकोच. अरुंद तोंडाची हीट गन घ्या, किंवा जाड टोकाची दणकट सोल्डरिंग आयर्न बोल्टच्या डोक्यात टेकवून ठेवा, लहान २५ वॅटची चालणार नाही कारण हब सगळी उष्णता ओढून घेतो. जवळ पेट्रोल नको, खिडकी उघडी ठेवा, तो धूर नाकात जाऊ देऊ नका.

स्लिप होणाऱ्या बोल्टचं भोक आधी पिनने साफ करा, आत माती बसलेली असते. झिजलेली की फेकून द्या, चांगल्या स्टीलची नवी घ्या, हातोडीने टोकून पूर्ण आत बसवा आणि मगच जोर लावा. तरीही नाही हललं तर हातोडी मारून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर मिळतो तो वापरा, ड्रिल सगळ्यात शेवटी.

बसवताना बोल्ट नवेच घ्या, हबच्या आट्यातला जुना चुरा साफ करा, निळ्या थ्रेडलॉकरचा एकच थेंब, टॉर्क (किती जोराने आवळायचं ते) मॅन्युअलमध्ये बघून. गोंदाला पूर्ण पकडायला २४ तास द्या. आणि हो, तो डब्ल्यूडी फोर्टीचा स्प्रे ब्रेक पॅडवर उडाला असेल तर पॅड बदलाच, तेलकट पॅडवर गाडी अजिबात चालवू नका.