रेल्वेत जायचंय, की रेल्वेच्या जमिनीवर?

प्रिय विद्यार्थिनी,

कल्याणला राहतेस, टी.वाय.बी.कॉम.ला आहेस, जपानी भाषेच्या परीक्षेतली एन४ पातळी (एन५ सर्वांत सोपी, एन१ सर्वांत अवघड) पास झालीस आणि ओसाकाच्या ‘हानक्यू’ कंपनीबद्दल वाचून भारावली आहेस. रेल्वे चालवणारी कंपनी घरं विकते, डिपार्टमेंट स्टोअर चालवते, नाट्यमंडळी सांभाळते, हे वाचल्यापासून तुला ‘तसंच काहीतरी’ करायचं आहे. बाबा म्हणतात, रेल्वे म्हणजे आरआरबीचा, रेल्वे भरती मंडळाचा फॉर्म, बाकी सगळं खूळ. आणि ठाण्यातला एक एजंट साडेतीन लाखांत ‘जपान रेल्वेत जॉब’ देतो म्हणतोय. एम.बी.ए. करू, जपानला जाऊ की फॉर्म भरू, असं तू विचारतेस.

आधी एक गोष्ट नीट पाहा. पत्रात तू गाड्यांबद्दल एकच ओळ लिहिली आहेस. सिग्नल, डबे, वेळापत्रक यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. जे आवडलं म्हणून लिहिलंस ते सगळं स्टेशनाबाहेरचं आहे. त्यामुळे तुझा प्रश्न ‘रेल्वेत करिअर’ हा नाहीच. गाडीमुळे माणसं जिथं येतात त्या जागेचं काय करायचं, हा तुझा विषय आहे.

हानक्यूची सुरुवातही तशीच झाली. मित्सुई बँकेतली नोकरी सोडून आलेल्या इचिझो कोबायाशी यांच्या हाती आलेली लाईन कुणालाच धंद्याची वाटत नव्हती. ओसाकातल्या उमेदाहून ताकाराझुकाकडे आणि फाट्याने मिनोकडे जाणारा मार्ग, मधे शेतं आणि छोटी गावं. गाडीत बसणार कोण? १९०८ मध्ये, म्हणजे रूळ पडायच्या आधीच, त्यांनी ‘सर्वांत आशादायक विद्युत रेल्वे’ अशी एक पुस्तिका छापून वाटली. मार्गालगतची जमीन स्वस्तात आधी घेऊन ठेवली होती. १० मार्च १९१० ला गाडी सुरू झाली आणि त्याच वर्षी इकेदा इथं साधारण २०० प्लॉटची वसाहत विक्रीला आली. थोडी रक्कम आधी, उरलेली दहा वर्षांच्या मासिक हप्त्यांत. पगारदार माणसाला हप्त्यावर घर हे तेव्हा जपानात नवं होतं. घर घेणारा रोज ओसाकाला जाणार आणि तिकीट कोबायाशींचंच काढणार.

यातलं सगळंच साधलं नाही, आणि मला तो भाग जास्त आवडतो. शेवटच्या स्टेशनावर, ताकाराझुकाला, १९११ मध्ये गरम पाण्याची स्नानगृहं काढली आणि पुढे एक बंदिस्त पोहण्याचा तलावही बांधला. तो चालेना. पाणी गार, आणि स्त्री-पुरुषांनी एकत्र पोहायला परवानगी नाही. मग तलावावर फळ्या टाकून रंगमंच केला. १९१३ मध्ये मुलींचं गायनपथक उभं केलं आणि १९१४ मध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. आजची ताकाराझुका नाट्यसंस्था ती हीच. स्टोअरच्या बाबतीतही घाई नव्हती. १९२० मध्ये उमेदाच्या इमारतीत शिरोकिया या जुन्या दुकानाला जागा भाड्याने दिली, कोण येतं आणि काय घेतं ते पाहिलं, १९२५ मध्ये स्वतःचा बाजार काढला आणि १९२९ मध्ये डिपार्टमेंट स्टोअर उघडलं. मंदीच्या काळात तिथल्या खानावळीत काही गिऱ्हाइकं फक्त भात मागवायची आणि टेबलावरचा सॉस ओतून जेवायची. कोबायाशींनी त्यांना हाकललं नाही, उलट येऊ दिलं. आज भात खाणारा उद्या करी-राईस मागवेल, हा त्यांचा हिशोब.

बी.कॉम.च्या मुलीने याहून जास्त लक्ष द्यावं असा एक भाग आहे. सकाळी कल्याणहून सीएसएमटीकडे जाणारी फास्ट गाडी आणि त्याच वेळी उलट येणारी डाऊन गाडी, दोन्हींना खर्च जवळपास सारखाच. एक खचाखच भरते, दुसरी मोकळी येते. हानक्यूचीही तीच अडचण. शाळा-कॉलेजं शहराबाहेर असली की सकाळच्या उलट्या गाड्याही भरतात. क्वान्सेइ गाकुइन ही शिक्षणसंस्था १९२९ मध्ये कोबेहून निशिनोमियाच्या उएगाहाराला गेली, तेव्हा त्या जमिनीच्या व्यवहारात हानक्यू होतीच. कॉलेज कुठं असावं याचा विचार रेल्वे कंपनी करते, ते त्या मोकळ्या डब्यांसाठी.

जपानात भाड्याची कमाल मर्यादा सरकारच्या मंजुरीने ठरते, त्यामुळे तिकीट वाढवून फार कमावता येत नाही. म्हणूनच बहुतेक मोठ्या खासगी रेल्वे कंपन्यांचं असंच चालतं. टोकियोतली तोक्यू तिथल्या शिबुया भागाच्या पुनर्विकासात आहे. तिने २०१९ मध्ये रेल्वेची वेगळी कंपनी केली आणि मूळ कंपनीकडे जमीन-इमारतींचं काम ठेवलं. किन्तेत्सूने ओसाकात ३०० मीटर उंच आबेनो हारुकास ही इमारत उभारली, आणि मालवाहतुकीतली किन्तेत्सू वर्ल्ड एक्स्प्रेस ही तिच्याच समूहातली. हानक्यूने २००६ मध्ये प्रतिस्पर्धी हानशिन रेल्वेलाच आपल्यात घेतलं, त्याबरोबर बेसबॉलचा टायगर्स संघ आणि कोशिएन मैदानही आलं.

आता गोडी थोडी कमी करतो. २०२० च्या साथीत गाड्या, हॉटेलं आणि नाट्यगृहं एकदम रिकामी झाली. दहा धंदे असले तरी सगळे माणसांच्या फिरण्यावर अवलंबून, तेव्हा आधार कुणी कुणाला द्यायचा? सेइबु या रेल्वे समूहाने २०२२ मध्ये प्रिन्स हॉटेलं आणि गोल्फ मैदानं यांतल्या बऱ्याच मालमत्ता सिंगापूरच्या सरकारी गुंतवणूक संस्थेला विकायला काढल्या. जपानची लोकसंख्याही घटते आहे, म्हणून तोक्यू २०१२ पासून व्हिएतनामात बिन्ह् झुओंगला नगर उभारते आहे. आणि तुझ्या लाडक्या ताकाराझुकात २०२३ मध्ये एका तरुण कलावतीचा मृत्यू झाला. पुढच्या वर्षी कंपनीने वरिष्ठांकडून छळ झाल्याचं मान्य करून कुटुंबाची माफी मागितली. त्या जगात जायचं तर हेही वाचून जा.

तुझ्यासमोरचे रस्ते असे आहेत. अशा कंपन्यांत पदवीधरांची मुख्य भरती एप्रिलमध्ये रुजू होणाऱ्या तुकडीतून होते. अर्ज आदल्या वर्षीच सुरू होतात आणि उमेदवार बहुतेक तिथल्याच विद्यापीठांतले असतात. एका विभागात काही वर्षं, मग दुसऱ्यात, अशी बदली होत राहते. म्हणजे ‘मला मॉलचंच काम द्या’ म्हणून भागत नाही. कामकाज जपानीत चालतं, त्यामुळे एन२ च्या खाली बोलणंच नको, एन१ असेल तर बरं. कल्याणहून थेट अर्ज करण्यापेक्षा तिथं पदव्युत्तर शिक्षण घेऊन शिरणं शहाणपणाचं. जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती दूतावासामार्फत दर वर्षी जाहीर होते. तीत संशोधन विद्यार्थी म्हणून जाता येतं, पण त्यासाठी स्वतःचा विषय आणि आराखडा लिहावा लागतो. तुझा विषय मला दिसतोच आहे, फक्त तो ओसाकात अडकवून ठेवू नकोस.

कारण याचा एक उलटा नमुना तुझ्या घरापासून तासाभरावर आहे. १९९२ मध्ये मानखुर्दहून वाशीला लोकल गेली, तेव्हा त्या मार्गाच्या खर्चाचा ६७ टक्के वाटा नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने उचलला आणि ३३ टक्के रेल्वेने. तिकडे रेल्वेने जमीन घेतली, इथं जमीनवाल्याने रेल्वे आणली. वाशी, बेलापूर ही स्टेशनं त्यामुळेच वर कार्यालयं आणि खाली फलाट अशी दिसतात. या दोन्हींची तुलना एखाद्या बी.कॉम.च्या मुलीने आकडे मांडून केली, तर कुठल्याही मुलाखतीत तिच्याकडे लक्ष जाईल. एखाद्या रविवारी वाशी स्टेशनच्या इमारतीत फिरून ये. कुठले गाळे चालतात, कुठले बंद आहेत आणि लोक कुठून आत येतात ते लिहून काढ.

एम.बी.ए. करायचं तर रिअल इस्टेट किंवा रिटेलकडे झुकणारं कर. मेट्रो कंपन्यांना तिकिटाबाहेरचं उत्पन्न हवं आहे, त्या कामाला माणसं लागतात आणि मालमत्ता सल्लागार संस्थाही तेच काम करतात. नगररचनेत जायचं असेल तर बी.कॉम.वर थेट वाट जवळपास नाही. अर्थशास्त्र किंवा भूगोलात एम.ए. केल्यावर काही संस्था मास्टर ऑफ प्लॅनिंगला घेतात. दोन वर्षं जास्त जातील, एवढं मनाशी धरून ठेव. मालवाहतुकीतलं काम तुला चालणार असेल तर किन्तेत्सूच्या त्या कंपनीचं काम भारतातही आहे आणि जपानी येणाऱ्या बी.कॉम.ला तिथं दार ठोठावता येतं. मला विचारशील तर एम.बी.ए.च्या आधी अशा कामाचा दोन वर्षांचा अनुभव घे.

बाबांचा मुद्दा मी खोडणार नाही. आरआरबीच्या एनटीपीसी, म्हणजे बिगर-तांत्रिक पदांच्या भरतीत पदवीधरांना स्टेशन मास्तरपर्यंतची पदं आहेत आणि फॉर्म भरल्याने तुझं काही अडत नाही. भर. फक्त परीक्षेच्या तयारीसाठी जपानी सोडू नकोस. एन३ ची परीक्षा वर्षातून दोनदा, जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, आणि नोंदणी काही महिने आधी बंद होते.

राहिला एजंट. जपानने मार्च २०२४ मध्ये ‘विशिष्ट कुशल कामगार’ या व्हिसाच्या यादीत रेल्वे हे क्षेत्र आणलं, तो बहुधा त्याच्याच जोरावर बोलतोय. ते काम रुळांची निगा, डब्यांची आणि विजेची दुरुस्ती आणि चालक, कंडक्टर, स्टेशन कर्मचारी या प्रकारचं आहे. शेवटच्या गटाला एन३ लागतं. पहिल्या टप्प्यात जास्तीत जास्त पाच वर्षं राहता येतं, कुटुंब नेता येत नाही. प्रामाणिक काम आहे, पण तू पत्रात मागितलेलं ते नव्हे. तरी जायचं ठरलंच, तर आधी त्याच्याकडून तीन गोष्टी कागदावर घे: व्हिसाचा प्रकार, नोकरी देणाऱ्या कंपनीचं नाव, आणि साडेतीन लाखांतले किती कशासाठी. तो टाळाटाळ करू लागला तर पैसे देऊ नकोस, आणि बाबांनाही त्याच्याशी बोलायला बसव.