लोकसंख्येला बीपी असतं का?

प्रश्न : आरोग्यविषयक लेखाचा अनुवाद करते आहे. 'आफ्रिकन लोकसंख्येमध्ये उच्च रक्तदाब जास्त आढळतो' असं लिहिलं. संपादक म्हणतात, 'जनसंख्या' करा. बरोबर काय? आणि रक्तदाब की रक्तचाप?

उत्तर : ताई, तुम्हीही चूक आणि संपादकही चूक. संख्येच्या अंगात रक्तच नाही, तर दाब कुठला? लोकसंख्या म्हणजे डोकी मोजून आलेला आकडा. तो वाढतो, घटतो, फुगवूनही सांगता येतो. पण दंडाला पट्टा बांधून घ्यायला तो दवाखान्यात येत नाही. बातम्यांत रोज कानावर पडतं, 'तरुण लोकसंख्येला हृदयविकाराचा धोका', 'आदिवासी लोकसंख्येचे लसीकरण'. अहो, तरुणांना धोका, आदिवासींना लस! इंग्रजी 'पॉप्युलेशन' माणसांनाही म्हणतात आणि त्यांच्या आकड्यालाही. आपण आकड्याचा शब्द उचलला आणि माणसांच्या जागी बसवला. 'जनसंख्या' ही तीच चूक, फक्त हिंदी वेशात.

'आफ्रिकेतल्या लोकांमध्ये' लिहा, नव्वद टक्के काम झालं. उरलेल्या दहा टक्क्यांत, एका ठिकाणी राहणाऱ्या आणि एकत्र तपासलेल्या माणसांना मिळून एक नाव लागतं. परिभाषावाले तिथे 'समष्टी' पुढे करतात. करोत बापडे. समष्टी प्रवचनात शोभते. तिच्या दंडाला पट्टा बांधायचा म्हटलं तर दंड सापडणार नाही. मी म्हणतो, 'वस्ती' म्हणा. जुन्या भूगोलाच्या पुस्तकांत 'गावाची वस्ती 5 हजार' असंच असायचं, आणि कुणाचं काही अडत नव्हतं.

वस्ती म्हणजे संस्कृत 'वसति', धातू वस्. (वस्त्रातला वस् निराळा, घोळ घालू नका.) या वस्‌चा जुना अर्थ नुसता राहणे नव्हे, रात्र काढणे. तो कोशात शोधायला नको, एसटी स्टँडवर जा. संध्याकाळी शेवटच्या गावाला जायचं, ड्रायव्हर-कंडक्टरने तिथेच पथारी टाकायची आणि पहाटे गाडी परत आणायची : ही 'वस्तीची गाडी'. कर्नाटकातल्या जैनांची 'बसदी' ही हीच वसति. इंग्रजीतला 'वॉज'सुद्धा याच घराण्यातला आहे. तो 'होता' म्हणजे कधीकाळी तो 'वस्तीला होता'!

आता गंमत बघा. 1929 साली डॉनिसन नावाच्या डॉक्टरने पश्चिम केनियातल्या 1000 जणांचे रक्तदाब 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापले. चाळिशीनंतर त्यांचा दाब चढायच्या ऐवजी उतरत होता. पुढे 1990 मध्ये त्याच भागातल्या लुओ लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या खेड्यांतून नैरोबीला आलेले तरुण स्त्रीपुरुष आणि मागे गावी राहिलेले, यांची त्यात तुलना होती. शहरात आलेल्यांचा वरचा दाब गावाकडच्यांपेक्षा जास्त भरला. त्यांच्या लघवीत पोटॅशियमच्या मानाने सोडियमही जास्त निघालं, म्हणजे खाण्यात मीठ वाढलं आणि पोटॅशियम देणाऱ्या वस्तू घटल्या. माणसं तीच, लुओ ती लुओच. बदलली ती वस्ती.

आणि गाव सोडून जाण्याला आपण काय म्हणतो? प्रवास. प्र अधिक वस्, घरापासून लांब राहणे. हिंडणे-फिरणे हा अर्थ नंतरचा. मिठाच्या बाजूला 'उपवास' उभा आहे. यज्ञाच्या आदल्या रात्री अग्नीजवळ राहणे, तो उपवास. न खाणं मागाहून चिकटलं. त्यातला कडक प्रकार अळणी, म्हणजे अ-लवण. (सैंधव चालतं म्हणणाऱ्यांसाठी : सैंधवातही सोडियमच असतं.) वस्ती, प्रवास, उपवास! केनियातला अख्खा अभ्यास एका धातूत बसला. पाणिनीला बीपीचं यंत्र ठाऊक नव्हतं, हे मलाही माहीत आहे.

एक ज्येष्ठ भाषातज्ज्ञ मला म्हणाले, 'वस्ती म्हटलं की लोकांना झोपडपट्टी आठवते.' आठवू दे. हल्लीच्या वर्तमानपत्रांनी चढवलेला अर्थ मूळ अर्थाला हुसकावून लावतो असं मानायचं, तर उद्या प्रवास म्हणजे फक्त रेल्वे पास होईल. त्यांनी पर्याय सुचवला तो 'जनसमुच्चय'. एका दमात तीनदा म्हणून बघा, दाब आपोआप वाढेल.

शिवाय तुमच्या वाक्यात 'जास्त' म्हणजे कुणापेक्षा? 1997 मध्ये रिचर्ड कूपर आणि सहकाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकी वंशाच्या लोकांची तीन प्रदेशांत एकाच पद्धतीने तपासणी केली. उच्च रक्तदाब असलेले पश्चिम आफ्रिकेत 16 टक्के, कॅरिबियन बेटांवर 26 आणि अमेरिकेत 33 टक्के निघाले. अलीकडे खुद्द आफ्रिकेत चाळिशी-पन्नाशीतल्या लोकांना तपासलं, तर बुर्किना फासोच्या नानोरोत सुमारे 15 टक्के आणि दक्षिण आफ्रिकेच्या सोवेटोत 54. या सगळ्यांना मिळून 'आफ्रिकन लोकसंख्या' म्हणणार? 'आफ्रिकेतल्या काही वस्त्यांमध्ये' लिहा आणि पुढे वस्तीचं नाव द्या.

रक्तचापाचं राहिलंच. तो हिंदीत. आपल्याकडे चाप बंदुकीला असतो, नाहीतर केसांना.