हेक-रासमध्ये पुराचं पाणी शेतात का पसरत नाही? क्रॉस सेक्शन कसे द्यावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हेक-रास या नदीतली पाण्याची पातळी काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये निपाणीकडच्या वेदगंगेचं चार किलोमीटरचं मॉडेल केलंय, टोटल स्टेशननं (सर्व्हेच्या यंत्रानं) बारा क्रॉस सेक्शन, म्हणजे नदीचे आडवे छेद, मोजलेत, पण पुराचा विसर्ग दिला की पाणी शेतात न जाता पात्रावरच उंच चढत राहतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ महामार्गावर पाणी आलं होतं, मग सॉफ्टवेअर चुकतंय का?

सॉफ्टवेअर बिचारं बरोबर आहे. नमुना म्हणून टाकलेला तुमचा सेक्शन बघितला. ० ते ६४ मीटर, ११ बिंदू, पहिला डाव्या काठाच्या माथ्यावर आणि शेवटचा उजव्या. म्हणजे पात्र मोजलंत आणि काठावर येऊन स्टाफ (मोजणीची पट्टी) गुंडाळलात. पाणी टोकाच्या बिंदूच्या वर गेलं की हेक-रास तिथं उभी भिंत आहे असं धरतं आणि पाणी त्या भिंतीला टेकून वर चढतं. रन झाल्यावर इशाऱ्यांची यादी उघडा, सेक्शनची टोकं उभी वाढवावी लागली असं त्यात लिहिलेलं असेल. ती यादी कुणी वाचत नाही. पहिली दोन वर्षं मीही वाचली नव्हती.

मग सेक्शन न्यायचा कुठवर? पाण्याला पलीकडे जाता येणार नाही अशा उंच जमिनीपर्यंत, दोन्ही बाजूंना. वेदगंगेच्या मळीत, म्हणजे काठच्या सपाट शेतजमिनीत, हे अंतर पात्राच्या कितीतरी पट निघतं. एकदा आम्ही असंच मोजत उसातून चाललो होतो. एका पाण्याच्या मोटारीच्या खोपीपाशी म्हातारे मालक बसले होते. त्यांनी भिंतीवरची मातकट रेघ दाखवली. 'हितंपातुर आल्तं बगा पानी. आठ दिस जाग्यावरच हुतं, हाललं न्हाई.' आम्ही रेघेची लेव्हल घेतली, वहीत लिहिली, चहा घेतला आणि निघालो. त्यांच्या वाक्याचा दुसरा अर्धा भाग मात्र कुणी लिहिला नाही.

तोच जास्त कामाचा होता. पाणी आलं पण हललं नाही, म्हणजे ते क्षेत्र पाणी साठवतं, वाहून नेत नाही. हेक-रासमध्ये यासाठी 'इनइफेक्टिव्ह फ्लो एरिया' आहे. ते दिलं नाही तर मॉडेल त्या साचलेल्या पाण्यालाही खाली पळवतं आणि पुराची पातळी खोटी उतरते. आमची रेघेच्या बरीच खाली आली. मी तीन दिवस मॅनिंगचा n (जमीन पाण्याला किती अडवते त्याचा आकडा) वरखाली करत बसलो. शेवटी म्हातारबांचं वाक्य आठवलं.

सेक्शन लांब केलेत की तुम्हाला दुसरा त्रास होणार, तो आत्ताच सांगतो. आपल्याकडे नदीचा काठ उंच आणि मागची शेतं जरा खोलगट, असं बऱ्याच ठिकाणी दिसतं. एकमितीय मॉडेलमध्ये एका सेक्शनला पाण्याची एकच पातळी असते. त्यामुळे काठावरून पाणी उतरायच्या आधीच ती खोलगट शेतं भरलेली दिसतील. तिथं काठाच्या माथ्यावर 'लेव्ही' द्या, म्हणजे माथा बुडेपर्यंत पाणी पलीकडे जाणार नाही.

आता डावं-उजवं. सेक्शन नेहमी नदी वाहते त्या दिशेला तोंड करून, डावीकडून उजवीकडे लिहायचा. ऐकायला सोपं आहे. पण सर्व्हेवाला जीप जिथं उभी करता येते त्या काठापासून मोजायला लागतो. आमच्या एका कामात निम्मे सेक्शन उलटे आले होते. आकडे बघून कळत नाही, शंका येते ती उजव्या काठावरची गावठाणाची टेकडी डावीकडे उगवली की. वहीच्या पानावर 'पाणी इकडे' असा बाण काढायची शिस्त लावा, पोरं हसली तरी.

सेक्शनच्या क्रमांकाचंही असंच. आपल्याकडे चेनेज (नदीच्या लांबीवरचं अंतर) बहुतेक वेळा वरून खाली मोजतात, शून्य वरच्या टोकाला. हेक-रासमध्ये रिव्हर स्टेशनचा आकडा वरच्या बाजूला वाढत जातो. तुमचे ० ते ४००० तसेच टाकलेत तर नदी डोंगर चढेल. आणि सुरुवातीला एकक बघा, मुळात फूट असतं. अमेरिकन लष्कराच्या अभियंत्यांनी केलेलं आहे, त्यांचं त्यांना लखलाभ.

खालच्या सेक्शनपर्यंतची अंतरं तीन द्यायची असतात: डाव्या मळीतलं, पात्रातलं, उजव्या मळीतलं. तुम्ही तिन्हीला ३५० लिहिलंय. वेदगंगा इतकी सरळ कुठं वाहते? वळणावर आतल्या बाजूचं पाणी जवळच्या वाटेनं जातं, तिथला आकडा कमीच हवा. सेक्शन पुराच्या प्रवाहाला काटकोनात हवा, त्यासाठी मळीत तो वाकवला तरी चालतो. दोन सेक्शन एकमेकांना छेदता कामा नयेत, एवढं सांभाळा.

n बद्दल. पात्राला ०.०३५ दिलाय, ठीक. पण मळीलाही तोच कसा? ऑगस्टमधला ऊस म्हणजे पुरुषभर उंच कुंपण. नेहमीच्या तक्त्यांत उभ्या शेतपिकाला ०.०४० च्या आसपास आकडे असतात, ते उसाला अपुरे पडतात असं माझं मत. मी दाट झुडपांच्या गटातून ०.०८ ते ०.१० घेतो आणि मग पूररेषेशी जुळवतो. सोयाबीनच्या पट्ट्याला वेगळा, उसाला वेगळा, असा आडवा बदलता n देता येतो.

महामार्गाच्या पुलासाठी चार सेक्शन लागतात: दोन पुलाला अगदी चिकटून, एक वर जिथं पाणी आकसायला लागतं तिथं, एक खाली जिथं ते पुन्हा पसरतं तिथं. चिकटलेल्या दोघांना भरावामागचं पाणी 'इनइफेक्टिव्ह' द्यायला विसरू नका. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा असला तर बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढलेल्या अवस्थेत दाखवा, पावसाळ्यात ते घातलेले नसतात.

मळीचे बिंदू फुकटच्या तीस मीटरच्या उंची-नकाशावरून घ्यायचा मोह होईल. त्यात उसाचे शेंडे जमीन म्हणून मोजलेले असू शकतात. त्यापेक्षा ऑटो लेव्हल (उंची मोजायचं यंत्र) घेऊन दोन दिवस पायपीट करा. दर दहा मीटरला बिंदू घ्यायची गरज नाही. उतार मोडतो तिथं घ्या: बांध, पाणंद, चर, रस्त्याचा भराव. तुमच्या ६४ मीटरच्या सेक्शनपासूनच सुरुवात करा. त्याच्या उजव्या टोकाला शेवटचा बिंदू काठाच्या माथ्यावर आहे, तिथून उसात शिरा, आणि खोपी दिसली की मालकाला पाणी कुठवर आलं ते विचाराच, पण हलत होतं का तेही विचारा.